घरटी एक

तात्यांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं, "देवू आला?"

हर्षितने वडिलांना चौथ्यांदा खोटं सांगितलं, "येतायत, तात्या. निघालेत."

देवूकाका निघाले नव्हते आणि निघणारही नव्हते. दोघांच्या पानवेलींच्या वाड्यांमध्ये बांध एकच, विहीर एकच. घिवलीच्या वाऱ्यात कुणी जोराने खोकलं तरी पलीकडे ऐकू जावं इतकं जवळ घर. तेवढ्या अंतरावरून यायला माणसाला चार दिवस लागतात यावर लहान मूलही विश्वास ठेवणार नाही. तात्या ठेवत होते, किंवा ठेवल्यासारखं करत होते. आठ दिवसांपूर्वी बोईसरच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडाला धरून पाहिला, हर्षितला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आता घरी न्या. काय हवं-नको ते बघा त्यांचं." तात्यांना फार काही नको होतं. दोन चमचे डाळीचं पाणी, आणि देवू.

नेमकी तीच गोष्ट हर्षितला आणता येत नव्हती, कारण ती त्यानेच घालवली होती.

परवा त्याने बायकोला, स्नेहलला, पाठवून पाहिलं. देवूकाकांनी तिला खुर्ची दिली, चहा पाजला, पोरांच्या शाळेची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "तात्याला सांग, मी बरा हाय." येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. स्नेहल परत आली ती चिडूनच.

"गावातल्या बायका मला सांगतात, तात्यांनी कम्प्युटरवर काहीतरी वाईट लिहिलं म्हणून देवूकाका तुटले. तात्यांनी? कम्प्युटरवर?"

हर्षितने ऑक्सिजनच्या मशीनची नळी सरळ केली आणि पोरांना शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून निघून गेला. वेळ झालेली नव्हती.

हे सगळं झालं २००८ साली. त्या वर्षी घिवलीत ऑर्कुट, म्हणजे फेसबुकच्या आधीचं फेसबुक, आलं. आलं म्हणजे गावात नाही, बोईसर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आलं. गावातला प्रीतम तेव्हा कुवेतला नोकरीला होता. तिथे त्याला करमेना, म्हणून त्याने 'आपली घिवली' नावाची कम्युनिटी काढली. दोन-तीन महिन्यांत बोरिवलीपासून मस्कतपर्यंत पांगलेलं सगळं गाव तिथे गोळा झालं. कुणी जत्रेचे फोटो टाकी, कुणी आठवणी लिही, कुणी नुसतंच 'कसे आहात मंडळी' म्हणून जाई. मग बाहेरची टवाळ पोरं खोट्या नावांनी आत शिरायला लागली. प्रीतम वैतागला आणि त्याने नियम केला की गावकीत बसतो तसंच इथे बसायचं, घरटी एक.

गावकीची ही जुनी पद्धत. देवळासमोर बैठक बसली की प्रत्येक घरातून एकच माणूस, तोही कर्ता पुरुष. तो बोलला की घर बोललं, त्याचा हात वर झाला की घराचा हात वर झाला. घरात आणखी सहा डोकी असली तरी त्यांना काय वाटतं ते विचारायची चाल नाही. प्रीतमने ही पद्धत उचलून जशीच्या तशी कम्प्युटरवर नेऊन ठेवली. एका घराचं एकच प्रोफाइल, कर्त्या पुरुषाच्या नावाचं. आणि या कर्त्या पुरुषांतल्या एकानेही जन्मात माउसला हात लावलेला नव्हता. तेव्हा नावं बापांची आणि बोटं पोरांची, असा कारभार सुरू झाला.

मग जी धमाल उडाली ती काय सांगावी! पानवेलीला पाणी देणारे साठीचे गृहस्थ एकमेकांना 'हाय ड्यूड' म्हणू लागले. एका आजोबांनी तर क्रिकेटवरून दुसऱ्या आजोबांना आईवरून शिवी दिली. ऑर्कुटवर माणसाला विश्वासू, कूल आणि सेक्सी असे तीन प्रकारचे गुण देता यायचे. गुडघाभर चिखलात उभं राहून आळी बांधणाऱ्या तात्यांना कुणीतरी सेक्सीचे तीन बदाम देऊन टाकले, आणि हर्षित बोईसरहून सायकलवर येताना सबंध रस्ताभर एकटा हसत आला.

गंभीर मजकुराची गोष्ट मात्र वेगळी होती. कुणाचं लग्न ठरलं, कुणी गेलं, बैठक कधी आहे, हे बाप शब्दाशब्दाने सांगत आणि पोरं टाइप करत. त्यात ड्यूड-बिड नसे. 'कळविण्यात येते की' अशी सुरुवात असे. ती भाषा दिसली की वाचणाऱ्याने समजायचं, आता पोरगं बाजूला झालं, आता घर बोलतंय.

देवूकाकांच्या नावाने लिहायची ती त्यांची मुलगी चारुता. पालघरला कॉलेजात होती, तिथल्या लॅबमधून लिहायची. हर्षित तिच्याच वयाचा, बोईसरला आयटीआय करत होता आणि तिच्यावर जीव टाकून होता. ते तिला सांगायची छाती नव्हती. एकदा धीर करून त्याने त्या प्रोफाइलवर स्क्रॅप, म्हणजे जाहीर निरोप, टाकला, 'कालचा पिवळा ड्रेस छान होता.' म्हणजे जगाला दिसलं ते असं, की घिवलीचे तात्या घिवलीच्या देवूला पिवळा ड्रेस छान दिसतो म्हणून कळवतायत. कुवेतहून प्रीतमने विचारलं, 'तात्या, तब्येत बरी आहे ना?' चारुताने उत्तरादाखल एक हसरा चेहरा टाकला. त्या एका हसऱ्या चेहऱ्यावर या शहाण्याने सहा महिने संसार मांडला.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर देवूकाकांच्या प्रोफाइलवरून मजकूर आला. 'कळविण्यास आनंद होतो की आमची कन्या चि. सौ. कां. चारुता हिचा विवाह केळवे येथील…' मुलगा बँकेत होता. मुलाचा मामा घिवलीचाच, त्यामुळे त्याचं घरही कम्युनिटीत. खाली अभिनंदनाची रांग लागली होती. हर्षित सायबर कॅफेत अर्धा तास त्या रांगेकडे बघत बसला. डोकं फिरलं होतं, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. पण डोकं फिरलेला माणूस इतकं नीटनेटकं लिहीत नाही. त्याने लिहिलं ते घराच्या भाषेत. 'कळविण्यात येते की मुलाकडील मंडळींनी पुढे जाण्यापूर्वी पालघर येथे मुलीच्या वागणुकीची चौकशी करावी. गावातील वडील या नात्याने सांगणे कर्तव्य समजतो.'

चौकशी करण्यासारखं काहीही नव्हतं. ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तो रोज तिच्या मागावर असे.

तिसऱ्या दिवशी त्याने तो मजकूर पुसला. तोवर देवूकाकांनी बोईसरला जाऊन त्याचा कागद छापून आणला होता आणि देवळासमोर बैठक बसली होती. हर्षित मागे खांबाला टेकून उभा होता. देवूकाकांनी कागद तात्यांच्या हातात दिला. रोमन अक्षरांतलं मराठी तात्यांना कुठलं वाचता येतंय! शेजारच्याने वाचून दाखवलं. देवूकाकांनी विचारलं, "तात्या, हे तुझ्या घरातून आलंय. कोणी लिवलं?"

तात्यांनी मान वळवली नाही. हर्षित मागे उभा आहे हे त्यांना माहीत होतं, तरी नाही. कागदाची घडी घालत ते म्हणाले, "नाव माझं हाय ना? मंग मीच लिवलं."

त्यानंतर सोळा वर्षं दोघे बोलले नाहीत. विहिरीवरच्या पंपाची पाळी मात्र चुकली नाही. देवूकाकांचं पाणी देऊन झालं की ते पाइपला फडकं बांधून जात, ते दिसलं की तात्या पंप चालू करत. हर्षितची आई गेली तेव्हा देवूकाका स्मशानात आले, लांब उभे राहिले आणि तसेच गेले. तात्यांनी हर्षितला त्या कागदाबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही, आणि त्याचा हर्षितला जास्त त्रास झाला. चार थोबाडीत मारल्या असत्या तर मोकळा झाला असता. चारुताचं लग्न मोडलं ते पुन्हा जमलं नाही. ती बोईसरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागली आणि आता तिथे सुपरवायझर होती. हर्षितही एमआयडीसीतच. बसस्टॉपवर ती दिसली की तो पुढची गाडी पकडायचा.

२०१४ साली ऑर्कुट बंद झालं. आता सगळं पुसलं गेलं, असं त्या दिवशी त्याला वाटलं आणि तो खूश झाला. मूर्ख माणूस! आणि आज तात्या पाचव्यांदा विचारत होते, "देवू आला?" या वेळी श्वास मध्येच अडकला आणि 'आला' हा शब्द पुरा व्हायला बराच वेळ लागला. हा माणूस देवूची वाट बघत मरणार, आणि ते आपल्यामुळे. हर्षित उठला, शर्टही न बदलता बांधावरून पलीकडे गेला.

देवूकाका ओट्यावर केळीच्या सोपटाच्या पट्ट्या काढत बसले होते, वेल बांधायला. हर्षितने मनात भाषण जुळवलं होतं, ते बांधावरच सांडलं.

"काका, ते तात्यांनी नाय लिहिलं. मी लिहिलं होतं. तात्यांना माहीतही नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. तुमी मला काय पायजे ते करा, पण त्यांच्यावरचा राग सोडा. ते तुमची वाट बघतायत, काका. आज-उद्याचे सोबती हायेत."

देवूकाकांचा हात थांबला नाही. "माहीत हाय," ते म्हणाले.

"काय?"

"तू लिवलंस ते. तात्याला फोन उचलाया येत नाय अजून, तो असलं लिवणार? कागद हातात आला तवाच कळलं मला."

हर्षितने विचारलं, "मंग बैठकीत कशाला…"

"तात्यानं तुजा कान धरून पुढं आणावं म्हणून." देवूकाकांनी आता पट्टी खाली ठेवली. "दुसरं काय? पोराची चूक झाली, एवढं बोलला असता तर मिटलं असतं. केळव्याच्या पोराचा मामा तिथंच बसला होता. तोही मला बोलला होता, कुणा पोराटोराचा चावटपणा असंल, तात्याच्या तोंडून ऐकू नि विषय संपवू. आणि तात्या काय बोलला? मीच लिवलं. अरे, तात्यानं सांगितलं म्हंजे खरंच असणार! गावात कोणाला शंका येईल का? मामा तिथनंच उठून गेला. तुज्या लिवण्यानं लगीन नाय मोडलं, हर्षित. तुज्या बापाच्या शब्दानं मोडलं. तुला वाचवाया त्यानं माजी पोर बुडवली. मला वाटलं दोन दिसांनी येईल, खरं बोलंल. सोळा वर्सं मी इथं बसून हाय."

इतकी वर्षं हर्षित त्याला तात्यांचा त्याग समजत आला होता. एकटा असला की त्या आठवणीने त्याचे डोळे भरून यायचे. त्या एका वाक्याखाली दुसरं कुणी चिरडलं गेलं असेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याला आता स्वतःची इतकी शिसारी आली की तिथून पळून जावंसं वाटलं. पण पळून गेला असता तर देवूकाका आलेच नसते.

"काका, पाया पडतो. एकदा चला."

"मला काय सांगतोस? तिला विचार."

चारुता दारात उभी होती. रविवार होता, घरीच होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. सोळा वर्षांत हर्षितने या क्षणासाठी शंभर भाषणं रचली होती. देवूकाकांसाठी, तात्यांसाठी, गावकीसाठी. तिच्यासाठी एकही नव्हतं.

"चारुता, माझं चुकलं," एवढंच तो बोलला.

तिने ते ऐकलं की नाही ते कळलं नाही. ती वडिलांकडे बघत होती. "बाबा, जा तुमी. ते गेले आणि तुमी नाय गेलात, तर पुढची दहा वर्सं इथं बसून कुढाल. ते मला बघाया लागंल." तिने खुंटीवरचा शर्ट काढून त्यांच्या हातात दिला. "चला, मी पण येते."

तिघे बांधावरून निघाले. हर्षित पुढे होता आणि त्याला चक्क हलकं वाटत होतं. सांगून टाकलं. ती येतेय, म्हणजे तिने पोटात घातलं. एवढं सोपं होतं, आणि आपण सोळा वर्षं कशाला घालवली? त्याने मनातल्या मनात तात्यांना हाक मारली, थांबा, आणतोय मी.

देवूकाकांना दारात बघून तात्यांनी नाकावरची नळी काढायला हात वर नेला. स्नेहलने धावत जाऊन ती पुन्हा बसवली. देवूकाका पलंगाजवळ जाऊन नुसते उभे राहिले. माणूस किती उरलाय ते बघत असावेत. चारुता भिंतीशी थांबली.

"देवू," तात्या म्हणाले. मग दम घेतला. "ते… मी लिवलं होतं."

"तात्या, काकांना सगळं ठाऊक हाय," हर्षित पुढे झाला. "मी त्यांना सांगितलंय. तुमी आता…"

तात्यांनी हात उचलला. त्या हातात काही जोर उरला नव्हता, तरी हर्षित लहानपणी थांबायचा तसा थांबला.

"तू गप. मोठी मानसं बोलतात." पुन्हा दम. "देवू, पोराचा काय संबंद नाय. मी लिवलं. चुकलं माजं."

देवूकाकांनी एकदा हर्षितकडे पाहिलं, मग पलंगावर पडलेल्या त्या मित्राकडे, जो शेवटचे चार श्वासही पोराला झाकण्यात घालवत होता. त्यांचा चेहरा आधी कठोर झाला, आणि मग अचानक त्यातलं सगळं बळ गेलं. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"बरं, तूच लिवलंस," ते म्हणाले. "मी माफ केलं तुला, तात्या. झालं गेलं."

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आज पानी कोनाचं?"

"तुजं."

"तू घे."

देवूकाकांना हसू आलं, आणि हसता हसता रडूही. स्नेहलने पदर तोंडाला लावला. हर्षितने भिंतीकडे पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं. तो बाहेर आला. चारुता पायरीवर बसून चपला घालत होती.

"चारुता, तू काकांना आणलंस. तुझे उपकार मी…"

"माझ्या बाबांसाठी आणलं."

"तरीपण. आज सगळं मिटलं."

तिने चपलेचा पट्टा लावला आणि उभी राहिली. ती रागावलेली नव्हती. रोज कामावर पन्नास बायकांना सांगते त्याच आवाजात बोलली.

"काय मिटलं? तात्या म्हणाले मी लिवलं, बाबा म्हणाले माफ केलं. ते त्यांचं त्यांचं झालं. तुझी साइट बंद झाली, पण वाचलेली मानसं गावातच हायेत ना? मी रोज त्यांच्यासमोरून बसला जाते. मला कोणी काय विचारलं? तेव्हा नाय आणि आता आत पण नाय. तू तरी विचारलंस?"

"मी माफी मागितली. ओट्यावर."

"बाबा यावेत म्हणून मागितलीस."

ते खरं होतं. "मग आता मागतो," तो म्हणाला. "काका आले, आता मला कायएक नको. देवळासमोर सगळ्यांना सांगतो, म्हणशील तर आत्ता जाऊन सांगतो. चारुता, मला माफ कर."

तिने खरोखर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं, आणि तेवढ्यापुरती त्याला आशा वाटली.

"नाय," ती म्हणाली. "देवळासमोर सांग. ते तू कवाच सांगायला पायजे होतंस. पण मी नाय माफ करत."

आणि ती बांधावरून निघून गेली. सावकाश, केळी मागे सारत. तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

आतून तात्यांचा आवाज आला, किती दिवसांनी एवढा मोठा. "हर्षित! देवूला चा टाक रे." हर्षित आत गेला आणि त्याने गॅसवर आधण ठेवलं. त्याला मोठ्याने रडायचं होतं. पण पलीकडे दोन म्हातारे सोळा वर्षांनी कसल्याशा जुन्या गोष्टीवर हसत होते, आणि त्यात खंड पाडायची त्याची हिंमत झाली नाही.